आपण तिथे राहावं

प्रिय ठकू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही आणि मलाही काही झालेलं नाही. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. मी जरा खोलात शिरले की तुझं 'आई, ऐक ना, मी तुला नंतर करते' सुरू होतं, आणि ते 'नंतर' कधी उगवेल ते तुलाच ठाऊक. कागद मध्येच बोलत नाही. जन्मभर कोर्टात बसून मी दुसऱ्यांची बोलणी उतरवून घेतली. साक्षीदार जे बोलेल ते जसंच्या तसं, पदरचा एक शब्द न घालता. आज पहिल्यांदाच स्वतःचं उतरवते आहे, तेव्हा एका बैठकीत वाच. जावईबापूंना दाखवायचं की नाही ते तू ठरव. त्यांच्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगून ठेवते.

इथलं म्हणशील, तर सगळं फोटोत दिसतं तसंच आहे. समुद्र जागच्या जागी आहे. ऊन भरपूर. माझा खोकला गेला, गुडघेही पूर्वीइतके कुरकुरत नाहीत, तेव्हा औषध बरोबर लागू पडलं असं तुम्ही खुशाल म्हणा. फोटोत येत नाही ते असं, की इथे काही म्हणून धड वाळत नाही. दोरीवरून टॉवेल काढावा तर तो गार आणि चिकट. गॅलरीचा कठडा पुसला की फडक्यावर मिठाची पांढरी रेघ उठते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. कपाटाच्या बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्याने गंजल्या आहेत, दार उघडलं की किंचाळतं. मी मुद्दामच तेल घालत नाही. घरात माझ्याशिवाय कुणाचा तरी आवाज असावा, एवढंच.

माणसं वाईट नाहीत. खालच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ राहतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी लिफ्टमध्ये हवेत मोठं चाक फिरवून दाखवलं, तेव्हा मला कळलं की ते बस चालवायचे. मग मीही माझा धंदा सांगायला दोन्ही हातांची बोटं हवेत नाचवून टाइप करून दाखवलं. त्यांची समजूत झाली की मी पियानो वाजवत होते. तेव्हापासून भेटले की अदबीने मान लववतात आणि हवेत पियानो वाजवतात. भर कोर्टात खुनाच्या साक्षी उतरवलेली तुझी आई परदेशात येऊन पियानोवाली झाली. मी त्यांना मनातल्या मनात ड्रायव्हरकाका म्हणते. मनातल्या मनातच, कारण माझ्याकडे त्यांच्या भाषेतले शब्द म्हणजे नमस्कार, आभार आणि 'पिशवी नको'. एवढ्यावर माणूस जगतो, पण बोलत नाही.

तुला एक गंमत सांगते. किनाऱ्यावरच्या बाकावर बसले की शेजारच्या बायकांचं बोलणं मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला शॉर्टहँडमध्ये उतरवून घेते. शॉर्टहँडमध्ये आवाज लिहायचा असतो, अर्थ कळायची गरज नाही. हात अजून चांगला चालतो. त्या भरभर बोलतात, हसतात, एकमेकींच्या मांडीवर थाप मारतात, आणि मी सगळं बिनचूक टिपत जाते. मग घरी येऊन मोठ्याने वाचून बघते. हुबेहूब त्यांच्यासारखा आवाज येतो आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू हसशील. मीही पहिल्यांदा हसले होते.

आता मूळ मुद्द्यावर येते. मागच्या हिवाळ्यातली ती संध्याकाळ तुला आठवत असणार. माझ्या जुन्या घरचं स्वयंपाकघर, खिडकीच्या काचेवर वाफ, मी शेगडीशी उभी राहून खोकत होते आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस. जावईबापू खुर्चीच्या टोकावर बसले होते. ते माझ्या घरी कधी पाठ टेकून बसलेच नाहीत. घसा साफ करून ते म्हणाले, "आई, मला वाटतं, आपण आता एखाद्या उबदार ठिकाणी, समुद्राकाठी जाऊन राहावं." ठकू, मला त्या क्षणी काय वाटलं ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. मी तुमच्याकडे पाठ करून गॅस बारीक केला, कारण माझे डोळे भरून आले होते. तुझे बाबा गेल्यापासून मी एकटी राहिले, आणि एकटी राहते याचा तोराही मिरवला. पण आतून मला फार वाटायचं, की कुणीतरी आपणहून म्हणावं, चला, आता सगळे एकत्र राहू. ते म्हटलं गेलं, तेही जावयाने! मला समुद्राचं कधी वेड नव्हतं, लाटांकडे बघून मला गरगरतं. पण तुम्ही वाळवंटात चला म्हटलं असतं तरी मी पिशवी भरली असती.

'आपण'. माझं सगळं घर ज्या शब्दावर उभं राहिलं आणि ज्या शब्दावर पडलं, तो हा शब्द. जावई सगळ्यांशी 'आपण' म्हणून बोलतो, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? त्याच कौतुकावर तर मी लग्नात मिरवले होते. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही ते 'आपण जरा हा पाइप बघावा' म्हणतात. तुमच्या मांजराला 'आपण टेबलावरून खाली उतरावं' असं बजावताना मी त्यांना ऐकलं आहे आणि पोट धरून हसले आहे. मांजराला कळतं की आपण म्हणजे ते स्वतः. मला नाही कळलं. त्यांच्या 'आपण'मध्ये फक्त मी होते, आणि मी ऐकलेल्या 'आपण'मध्ये आपण तिघं होतो. इथे आल्यावर मी ते सगळं बोलणं कितीदा तरी मनात परत वाचून काढलं. ते एकदाही 'आपण राहू' म्हणाले नाहीत. दर वेळी 'राहावं', 'घर विकावं', 'सामान आवरावं'. फक्त जागा बघायला जायचं ठरलं तेव्हा म्हणाले, "आपण आधी बघून येऊ." तेव्हा खरंच आपण तिघं गेलो, आणि त्या एका 'येऊ'मुळे बाकीचे सगळे 'राहावं' मला तिघांचेच वाटले. दुसऱ्या कुठल्या भाषेत ही चूक होणार नाही बघ. आपलीच भाषा एवढी सभ्य, की माणसाला बाहेर काढतानाही त्याला आत घेतल्यासारखं वाटतं.

ती परदेशातली सहल तशी मजेत गेली, नाही का? पहिलं गाव तुला आवडलं होतं, पण सगळा डोंगरउतार, घरापासून पाण्यापर्यंत नुसत्या पायऱ्या. जावईबापू म्हणाले, हे गुडघ्यांना झेपायचं नाही. दुसऱ्या गावात हॉटेलांचा बुजबुजाट, सगळीकडे उन्हासाठी चोपडायच्या मलमाचा आणि तळणीचा वास, आणि दवाखाना मात्र घाटापलीकडे. त्यावरही फुली. मग हे गाव. सपाट रस्ता, लिफ्टची इमारत, कोपऱ्यावर औषधांचं दुकान, चालत जाण्याच्या अंतरावर इस्पितळ. दलाल घर दाखवत होता आणि जावईबापू त्याला प्रश्न विचारत होते. लिफ्ट बंद पडली तर कोण येतं, न्हाणीघरात धरायला दांडी लावता येईल का, रात्री डॉक्टर मिळतो का. मी मनात म्हणाले, किती विचार करतो हा मुलगा! तुम्ही दोघंही कॉम्प्युटरवर काम करणारे. तुमचं सगळं पोटपाणी त्या इंटरनेटवर. आणि ते इथे कसं चालतं, हे तुमच्यापैकी कुणीही त्या दलालाला विचारलं नाही. साक्षीदार काय बोलला नाही ते स्टेनो लिहीत नाही, ही माझी जुनी सवय नडली.

दोन खोल्यांचं घर घ्यायचा हट्ट माझा. तू दलालासमोर हळूच म्हणालीस, "एकच खोली पुरे की गं, आई." मला वाटलं, लेक संकोच करते आहे. मी म्हटलं, वा, आणि तुम्ही काय गॅलरीत झोपणार? दलालाला भाषा कळत नव्हती, तरी तोही हसला. जावईबापू तेव्हा खाली गाडीशी होते, म्हणून त्यांनी ते ऐकलं नाही. तू ऐकलंस. तू मला काय उत्तर दिलंस, आठवतं? तू खिडकीचा पडदा सारलास आणि म्हणालीस, "उजेड किती छान येतो." त्या संध्याकाळी किनाऱ्यावर बसलो असताना मी भराभर बेत सांगत होते. तुम्ही सकाळी कामाला बसलात की स्वयंपाकाचं मी बघेन, दुपारी पडदे ओढून सगळे जरा पडू, संध्याकाळी तिघं पाण्यापर्यंत जाऊन येऊ. तू माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस आणि म्हणालीस, "बघू गं." मला ते लाडाचं वाटलं.

मग घर विकलं. ज्या घरात तू रांगलीस, ज्याच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने तुझी उंची मोजली, ते. मी रडले नाही, उलट शेजारणींसमोर टेंभा मिरवला की लेक-जावई समुद्राकाठी घेऊन चालले आहेत. त्या म्हणाल्या, नशीब काढलंस. कोर्टातल्या जुन्या मैत्रिणींनी निरोपाला बोलावलं, एकीने मला मोठी गवती टोपी दिली, उन्हासाठी. मी सगळ्यांना सांगितलं की या, आमच्याकडे राहायला या. 'आमच्याकडे' म्हणाले. तू शेजारी बसून बशीतली बिस्किटं सारखी करत होतीस.

आणि तो दिवस. तुम्ही मला सोडायला आलात, माझ्या दोन मोठ्या ट्रंका आणि तुमची एक छोटी बॅग. मी म्हटलं, यांचं मागून येत असेल. दुसऱ्या खोलीतलं अख्खं कपाट मी रिकामं ठेवलं, पलंगावर नवी चादर घातली, दोन उशा ठेवल्या. तुम्ही तिथे झोपलात, आणि मी समाधानाने घोरले असेन. नंतर एका सकाळी चहा पिताना मी सहज विचारलं, "तुमचं सामान कधी येतंय?" जावईबापूंनी कप खाली ठेवला. "आमचं सामान?" त्यांना खरोखरच काही कळेना. "आई, इथे आपण राहणार ना?" मी म्हटलं, "अहो, म्हणूनच तर विचारते, सामान कधी येतंय?" ते गोंधळले, लाल झाले, आणि मग त्यांनी हात पुढे करून, पंगतीत पाहुण्याला पाट दाखवावा तसा, तळवा माझ्याकडे केला. "आपण," ते म्हणाले. "म्हणजे… आपण." एवढ्या अदबीने मला माझी जागा आयुष्यात कुणी दाखवली नव्हती.

मी काय करणार होते? मी हसले. "गंमत केली हो," म्हणाले. "म्हटलं, बघू तर जावई घाबरतो का!" ते इतके सुटल्यासारखे हसले की मला त्यांची दया आली. त्यांना त्या क्षणापर्यंत काहीच माहीत नव्हतं, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन. पण तू हसली नाहीस, ठकू. तू आमच्याकडे पाठ करून सिंकशी उभी होतीस. नळ पूर्ण सोडलेला, आणि तू एक धुतलेला कप पुन्हा धूत होतीस. पाणी वाहत राहिलं आणि तुझी मान वर झाली नाही. तेव्हा मला कळलं की हिला माहीत होतं. दलालासमोर माहीत होतं, किनाऱ्यावर माहीत होतं, घराची कागदपत्रं झाली तेव्हाही माहीत होतं. दोन माणसं दोन वेगवेगळ्या गोष्टी बोलत होती, आणि दोघांचंही बोलणं कळणारी तू मध्ये बसून गप्प राहिलीस. ठकू हे नाव मी लाडाने ठेवलं होतं. त्यात ठक दडलेला आहे, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

मला राग येतो. लेकीला पत्र लिहिताना असं लिहू नये म्हणतात, पण मला फार राग येतो. तू दमली होतीस हे मला दिसत होतं. माझा खोकला, माझे डॉक्टर, ऑफिसातून धावत येणं, मग तिकडे सासूबाईंच्या डोळ्यांचं सगळं. माझ्याने आता होत नाही, आई, असं तू तोंडावर म्हणाली असतीस, तर मी रडले असते, चार दिवस अबोला धरला असता, आणि मग माझ्या त्याच घरात, माझ्या भाषेत, माझ्या शेजारणींमध्ये खोकत राहिले असते. तुला बोलावलं नसतं. नको झालेली आई मला पचली असती. फसवलेली आई पचत नाही. तू मला ढकललं नाहीस, हे तुला तुझं पुण्य वाटत असेल. मी आपल्या पायांनी चालत आले, टोपी घालून, आणि तू फक्त बाजूला झालीस.

पण हे सगळं मी लिहिणार नव्हते, हेही खरं. इतके महिने मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. जो विचारेल त्याला 'मजेत' म्हणत होते. सगळ्यात जास्त मजेत कुणाला सांगत होते माहीत आहे? तुझ्या सासूबाईंना. विहिणींचं नातं तुला कळायचं नाही. लग्नाच्या मांडवापासून आम्ही दोघी एकमेकींना तोलून बघत आलो. त्यांनी मुलाच्या पगारवाढीचं सांगितलं की मी तुझ्या बढतीचं सांगायचं. मी इथे आल्यावर त्या तुमच्याकडे राहायला आल्या, तुम्हा दोघांच्या मध्ये बसल्याचे फोटो त्यांनी पाठवले, आणि मी इथून सूर्यास्त पाठवायला लागले. जवळजवळ रोज. कधी ढगाळ असलं तर जुना पाठवायचे. त्यांना आता फारसं दिसत नाही, कुणाला तरी शेजारी बसवून फोटोत काय आहे ते ऐकतात, हे मला ठाऊक होतं. तरी पाठवत होते. एवढी माझी जिद्द.

आणि मागच्या रविवारी तुझा फोन आला. आवाजात साखर होती, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, सासूबाईंची नजर आता सुधारणार नाही. घरात सारखं कुणीतरी लागतं. तू म्हणालीस, "आई, त्यांना तू समजाव ना. तुझं त्या ऐकतील. तू इतकं छान छान सांगतेस तिथलं. तुझी ती रिकामी खोली आहेच, तुला सोबत, त्यांना सोबत." रिकामी खोली! तिथे अजून तीच चादर आहे. दर आठवड्याला मी ती धुते, आणि ती वाळत नाही. तुम्ही सुट्टीत याल म्हणून दोन्ही उशांना नवे अभ्रे आणून ठेवले आहेत. तुझ्या लेखी ती खोली पहिल्या दिवसापासून रिकामी होती, आणि आता तिच्यात दुसरी म्हातारी ठेवायची होती. मी काय म्हणाले, तुला आठवतं? मी म्हणाले, "बघू गं." तुझाच शब्द तुला परत दिला, पण तुला तो ओळखू आला नाही. तू खूश होऊन फोन ठेवलास.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहीणबाईंचा फोन आला. तुम्ही दोघं कामावर असताना, शेजारणीकडून नंबर लावून घेऊन. आधी हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग त्या म्हणाल्या, "विहीणबाई, काल रात्री जेवताना हा म्हणाला, आई, आपण तिथे राहावं." म्हटलं, ह्यांचीही तीच गत. तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "त्याला लहानपणी मीच शिकवलं, सगळ्यांना आपण म्हणायचं म्हणून. पण मला माहितीये हो. तो आपण म्हणतो ना, त्यात तो कधीच नसतो." त्या एवढ्या साधेपणाने बोलल्या, जसं काही भाजी संपली आहे असं सांगावं. आणि मग त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. "तुम्ही तिथे एकट्याच असता का हो?"

मला एक सूर्यास्त पाठवून सुटता आलं असतं. तुझ्यासाठी तेच सोयीचं होतं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही. घरात मराठी बोलणारं माणूस आलं असतं. एकमेकींच्या पाठीला तेल लावलं असतं, भांडलो असतो, वेळ गेला असता. फार मोह झाला. पण मला ते घर डोळ्यांसमोर आलं, तुमचं. तिथे त्या भिंतीला हात लावत लावत स्वतःच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत जातात, कुठल्या फळीवर साखर आहे ते बोटांना माहीत आहे, मुलगा ऑफिसातून आला की बूट टाकल्याच्या आवाजावरून ओळखतात. इथे त्यांना नळ सापडला नसता. बाहेर कुणी बोललं असतं तर नुसता आवाज. मला निदान लाटा दिसतात, त्यांना फक्त ऐकू आल्या असत्या, दिवस-रात्र. ज्या माणसाला दिसत नाही त्याच्याभोवतीची भाषाही काढून घ्यायची, आणि त्याला सोबत म्हणायचं? मी त्यांना म्हणाले, "हो. एकटीच असते. मला इथे आणून ठेवलं आहे. येऊ नका, विहीणबाई. घरातून हलू नका. कुणी कितीही अदबीने सांगितलं तरी हलू नका." इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर कधी मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी घातली, आणि त्या पलीकडे रडायला लागल्या. स्वतःसाठी नाही. माझ्यासाठी.

म्हणून हे पत्र, ठकू. ते तुझ्या हाती पडेल तोवर त्यांनी तुम्हाला नकार दिलेला असेल, किंवा आज-उद्या देतील. म्हातारी हट्टाला पेटली असं समजू नकोस. त्यांना मी सांगितलं आहे, सगळं सांगितलं आहे, त्यामुळे जो राग येईल तो माझ्यावर काढ. मी तुझी आई आहे, तुझा राग मला नवा नाही, आणि मी लांब आहे. त्या मात्र तुझ्याच घरात राहणार आहेत, तुझ्या हातचं जेवणार आहेत, आणि तू त्यांच्याकडे कशी बघतेस ते त्यांना दिसत नाही. जावईबापूंना सरळ सांग की तुझ्याने होत नाही. मदतीला बाई ठेवा, कामं वाटून घ्या, भांडा, पण त्यांना त्यांच्या जागेवरून उठवू नका. त्यांच्याशी बोलणं कमी झालं, किंवा दुपारचा चहा द्यायचा राहिला, तर मला लगेच कळेल. आम्ही दोघी आता रोज बोलतो.

तुझीच,
आई